चौलचा हुनरमन आणि नागोठण्याचा काझी

पेण आणि रोहा ही रायगड जिल्ह्यातली दोन तालुक्यांची गावे. मुंबईकराच्या लेखी पेण म्हणजे गणपतीच्या मूर्ती आणि पोहे-पापड. रोहा म्हणजे धाटावची एमआयडीसी आणि जिथून कोकण रेल्वे सुरू होते ते स्टेशन. अलिबागला जाणारा पर्यटक पेणला चहा पिऊन पुढे निघतो, गोव्याला जाणारा रोह्याकडे वळतही नाही. पण नकाशा जरा निरखून पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. पेण, नागोठणे, रोहा ही तिन्ही गावे समुद्रापासून आत आहेत आणि तरीही तिन्ही बंदरे होती. भरतीच्या पाण्यावर होडी जिथवर चढू शकते, तिथे ही गावे वसली. पेणला भोगावतीवरचे अंतोरे बंदर, नागोठण्याला अंबा नदी, रोह्याला कुंडलिका. घाटावरून बैलांच्या पाठीवर माल उतरायचा आणि इथे होडीत चढायचा. यातली कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे एक शहर होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक दर्यावर्दींना ते ठाऊक होते. त्याचे नाव चौल.

गेल्या हिवाळ्यात एक पूर्ण दिवस काढून मी ही वाट पालथी घातली. सोबत माझा भाचा होता. रोह्याचा पोरगा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मोटारसायकल त्याची, पेट्रोल माझे. त्याच्या मनात एक सल होता आणि तो मला माहीत होता. कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी त्याला 'तुमचे पूर्वज आक्रमक, तुम्ही बाहेरचे' असे सुनावले होते. पोरगा गप्प बसला होता, पण विसरला नव्हता. पेण सोडताना त्याने सरळच विचारले, "मामू, आपण इथे कधी आलो? तारीख सांगा. मला एकदाच उत्तर टाकायचंय."

तारीख सांगता येते. पण ती ज्या रस्त्याने येते तो रस्ता आधी पाहायला हवा.

पेणपासून सुरुवात

पेणमध्ये आम्ही फार रेंगाळलो नाही. सकाळच्या वेळी कारखान्यांसमोर शाडूच्या आणि प्लास्टरच्या मूर्ती रंगाची वाट पाहत उभ्या होत्या. इथे हे काम बारा महिने चालते. पूर्वेच्या डोंगररांगेत सांकशीचा किल्ला आहे. त्याला परिसरातले लोक बद्रुद्दीनचा किल्ला म्हणूनही ओळखतात, कारण पायथ्याशी बद्रुद्दीन बाबांचा दर्गा आहे. याच तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. तेच विनोबा पुढे अरबी शिकून कुराण वाचत बसले आणि त्यातल्या निवडक वचनांचा संग्रह त्यांनी काढला. पेणच्या मातीत हे सगळे शेजारी-शेजारी पडलेले आहे. कुणी मुद्दाम मांडून ठेवलेले नाही.

खाडीकडे पाहिले की मिठागरे आणि खारबंदिस्तीची शेते दिसतात. आगरी समाजाच्या पिढ्यान् पिढ्यांनी समुद्राला बांध घालून ही जमीन मिळवली. गडकोटांच्या बांधणीवर शेकड्याने पुस्तके आहेत. समुद्र अडवणाऱ्या या मातीच्या बांधांवर मात्र फार कमी लिहिले जाते, याची मला नेहमी खंत वाटते.

नागोठण्याचा पूल

महामार्गाचे काम कधी संपणार, या प्रश्नावर भाच्याशी चर्चा करत आम्ही नागोठण्याला पोचलो. अंबा नदीवरचा जुना दगडी पूल हे आमचे पहिले खरे ठिकाण. १८८३ साली निघालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या पुलाची मापे दिली आहेत. लांबी ४८० फूट, उंची १९ फूट आणि दोन्ही कठड्यांमधली वाट अवघी ९ फूट ९ इंच. तो सुमारे १५८२ साली चौलच्या काझी अलाउद्दीनने ३ लाख रुपये खर्चून बांधल्याचे सांगतात, असेही तिथे नोंदवले आहे.

भाचा कठड्याला टेकून बराच वेळ कमानी बघत होता. दरवर्षी पावसाळ्यात अंबेला पूर आला की नागोठण्याच्या बाजारात पाणी शिरते, ही बातमी आपण वाचतोच. त्या पाण्यात हा पूल चारशेहून अधिक पावसाळे उभा आहे. इंजिनिअरिंगच्या मुलाला हे वेगळे समजावून द्यावे लागले नाही. त्याने मोबाईलवर कमानींचे फोटो काढले आणि म्हणाला, "पण इतका अरुंद का?"

अरुंद असण्याचे कारण वाहतुकीत आहे. त्या काळात कोकणात बैलगाडीचा रस्ता दुर्मीळ होता. माल जायचा तो लादणीच्या बैलांवरून. लमाणांचे तांडे घाटातून एकामागे एक उतरायचे. पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी लादलेला बैल जायला पावणेदहा फूट पुरेत. पूल ज्या वाहनासाठी बांधला, त्याच मापाचा तो आहे.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. चौलच्या काझीने नागोठण्यात पूल का बांधावा? चौल हे निजामशाहीचे बंदर होते. अहमदनगरकडून घाट उतरून चौलकडे जाणारी वाट नद्या ओलांडत जायची, आणि पावसाळ्यात अंबा फुगली की ती वाट तुटायची. ज्या शहराचे पोट व्यापारावर चालते, त्या शहराला दूरच्या नदीवरचा पूलही आपलाच वाटतो. त्याशिवाय आमच्याकडे सदका-ए-जारिया नावाची एक कल्पना आहे. माणूस मेल्यावरही ज्याचे पुण्य वाहत राहते असे दान. विहीर खोदणे, झाड लावणे, मुसाफिरासाठी सराई बांधणे, नदीवर पूल घालणे ही त्याची ठरलेली उदाहरणे. हिंदू परंपरेत पूर्तकर्म म्हणतात ते जवळपास हेच. काझीच्या मनात काय होते ते आज कुणाला सांगता यायचे नाही. पण त्याच्या पुलावरून जाणाऱ्याला कुणी जात-धर्म विचारला नसणार. बैलाला तर नाहीच.

रोहा आणि अष्टमी

रोह्यात बहिणीकडे तांदळाची भाकरी आणि सुकटीचे कालवण खाऊन, जोहरची नमाज अदा करून आम्ही नदीवर गेलो. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. नगरपरिषदेचे नावही रोहा-अष्टमी असेच आहे. ऐन उन्हाळ्यातही या नदीला पाणी असते. ते सगळे तिचे स्वतःचे नसते. मुळशीच्या धरणात अडवलेले घाटावरचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून खाली सोडले जाते, तेच कुंडलिकेतून वाहते. कोलाडला होड्यांचा खेळ खेळणाऱ्या पर्यटकांच्या पायाखालचे पाणी म्हणजे १९२१ मध्ये सेनापती बापटांनी ज्याच्यासाठी सत्याग्रह केला त्या मुळशीचे पाणी. कोकणातली प्रत्येक नदी कुठल्या ना कुठल्या इतिहासातून वाहत येते.

रोहा हे धावीर महाराजांचे गाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुखांचे बालपण इथे गेले. १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले इथेच जन्मले. पण मला भाच्याला दाखवायची होती ती अष्टमीची होडी. मे १६७४ मध्ये मुंबईहून हेन्री ऑक्झेंडेन नावाचा इंग्रज वकील रायगडाकडे निघाला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला कंपनीतर्फे हजर राहायचे आणि तहाची बोलणी पुरी करायची, हे त्याचे काम. तो आधी चौलला पोचला तेव्हा रात्र झाली होती आणि पोर्तुगीज शहराचे दरवाजे बंद झाले होते. बाहेरच्या एका छोट्या चर्चमध्ये त्याने मुक्काम केला. मग वरच्या चौलमधल्या, म्हणजे मराठ्यांच्या ताब्यातल्या, सुभेदाराची भेट झाली. तिथून तो होडीने कुंडलिकेतून वर आला आणि अष्टमीला उतरला. पुढे निजामपूर, गांगवली आणि पाचाड. ६ जूनचा सोहळा त्याने डोळ्यांनी पाहिला आणि लिहून ठेवला. राज्याभिषेकाचा सर्वांत बारकाईचा परदेशी वृत्तांत आपल्याला मिळतो तो या पाणवाटेवरून गेलेल्या माणसाकडून.

ऑक्झेंडेनने एक नोंद अशीही केली आहे की वरचे चौल एके काळी दख्खनच्या मालाची मोठी पेठ होती, आता तिला अवकळा आली आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीच चौल हे 'होते' या क्रियापदाचे शहर बनले होते.

सैमूर, चेमुल, चौल

रोह्याहून चणेऱ्यामार्गे साळावला आले की कुंडलिका रुंद होत होत खाडी बनते. साळावचा पूल ओलांडला की रेवदंडा, आणि त्याला लागून उत्तरेला चौल. रस्ता सरळ पोर्तुगीज कोटाची भिंत फोडून आत शिरतो. आत नारळ-सुपारीच्या वाड्या, कौलारू घरे आणि मधूनच एखादी छप्पर नसलेली भिंत. पहिल्यांदा येणाऱ्याला कळतही नाही की आपण शहरातून चाललो आहोत.

पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणात याचे नाव सेमिल्ला असे येते. टॉलेमी सिमुल्ला म्हणतो. कान्हेरीच्या लेण्यांमधल्या शिलालेखांत चेमुल येते. अरबांनी त्याचे सैमूर केले. आणि इथे आपल्याला भाच्याची तारीख भेटते.

बगदादचा अल-मसूदी हा मोठा भटक्या. इतिहासकार आणि भूगोलकार. हिजरी ३०४, म्हणजे इसवी सन ९१६च्या सुमारास तो स्वतः सैमूरला आला होता. त्याने लिहिले आहे की या एका शहरात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. त्यांत सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे लोक आहेत, जे इथे लग्ने करून स्थायिक झाले. आणि त्यांत बयासिरा आहेत. बयासिरा म्हणजे काय, हेही तो सांगतो. हिंदच्या भूमीत जन्मलेले मुसलमान.

दहा हजार हा आकडा नेमका मोजलेला नसणार, ते दिवस जनगणनेचे नव्हते. पण आलेले आणि इथे जन्मलेले असे दोन वेगळे शब्द वापरण्याची गरज एका परक्या प्रवाशाला ९१६ साली वाटली, हे महत्त्वाचे. इथे जन्मलेल्यांना वेगळे नाव पडण्याइतका काळ लोटला होता. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तो १२९६ साली. मसूदीची नोंद त्याआधी ३८० वर्षांची आहे. कोकणातल्या मुसलमानाची गोष्ट तलवारीने सुरू होत नाही. ती मोसमी वाऱ्याने सुरू होते. वारा एका दिशेने घेऊन यायचा, दुसऱ्या दिशेचा सुटेपर्यंत काही महिने थांबावे लागायचे. थांबण्यातून घरे झाली, घरांतून मोहल्ले झाले.

तेव्हा इथे राज्य होते शिलाहारांचे. राजाचे नाव झंझ. तो मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचा मांडलिक. त्या सम्राटाला अरब 'बल्हरा' म्हणत आणि मुसलमानांना सर्वांत चांगले वागवणारा राजा म्हणून त्याचे कौतुक करत. नंतरच्या एका शिलाहार ताम्रपटात याच झंझाने आपल्या नावाने शंकराची बारा देवळे बांधल्याचे लिहिले आहे. बारा शिवमंदिरे बांधणारा हा राजा आपल्या मुसलमान प्रजेसाठी काय करतो? तो त्यांच्यातल्याच एका प्रतिष्ठित माणसाला त्यांचा प्रमुख नेमतो. त्यांचे तंटे त्याच्याकडे जातात. या पदाचे नाव मसूदीने दिले आहे. हुनरमन. मसूदी आला तेव्हा त्या पदावर अबू सईद मारूफ बिन जकरिया हा माणूस होता.

मला या हुनरमनाचे फार आकर्षण वाटते. नाव अरबी, पद फारसी वळणाचे, नेमणूक शिवभक्त राजाची आणि काम कोकणातल्या बंदरावरची भांडणे मिटवण्याचे. सहिष्णुता, सर्वधर्मसमभाव असे मोठे शब्द मी इथे वापरणार नाही. राजाला जकात हवी होती, व्यापाऱ्याला न्यायाची खात्री हवी होती. दोघांचा हिशेब जुळला. पण नुसत्या हिशेबातूनही माणसे शेजारी राहायला शिकतात आणि शिकलेले बरीच शतके टिकते, याचा हा पुरावा आहे.

असाच शेजार बेने इस्रायलींचा. जहाज फुटून त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. या किनाऱ्यावर ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर ही त्यांची आडनावे. आज आपण ज्या रस्त्याने आलो त्याच रस्त्यावरची गावे त्यांच्या आडनावांत आहेत. पेणला, अष्टमीला, रेवदंड्याला त्यांची सिनेगॉग आहेत. १९४८ नंतर बहुतेक घरे इस्रायलला गेली. तिथेही त्यांची मराठी नियतकालिके निघत राहिली.

रशियाचा घोडेवाला

रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचे स्मारक आहे. २००२ साली उभारलेले. हा त्वेर शहरचा माणूस. लुटला गेला, कर्जात बुडाला, आणि इराणमार्गे होर्मुझला येऊन एक घोडा घेऊन जहाजात बसला. १४६९ साली तो चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोचायच्या जवळपास तीस वर्षे आधी. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच्यावर १९५७ साली 'परदेसी' नावाचा सिनेमा काढला होता.

चौलच्या लोकांनी या गोऱ्या माणसाकडे टक लावून पाहिले आणि त्याने चौलकरांकडे. उघडी अंगे, उघडी डोकी, केसांची एकच वेणी, हे सगळे त्याने टिपून ठेवले. तिथून तो पालीला गेला. अभ्यासक ही पाली म्हणजे आपली सुधागडची पाली मानतात. पुढे जुन्नर.

जुन्नरला जे घडले तेही मी भाच्याला सांगितले. तिथला बहमनी अधिकारी असद खान याने निकितिनचा घोडा काढून घेतला. तो मुसलमान नाही हे कळल्यावर म्हणाला, आमचा दीन कबूल कर, घोडाही देतो आणि हजार मोहराही. नाही केलास तर घोडाही जाईल आणि हजार मोहरा तुझ्याकडूनच वसूल करीन. चार दिवसांची मुदत दिली. निकितिन रडकुंडीला आला. शेवटी ख्वाजा मुहम्मद नावाचा एक खुरासानी त्याच्यासाठी खानाकडे रदबदली करायला गेला. धर्मही वाचला, घोडाही मिळाला.

भाचा म्हणाला, "हे सांगायची काय गरज होती?"

गरज होती. चौलचा हुनरमन आपला आणि जुन्नरचा असद खान आपला नाही, असे इतिहासात चालत नाही. सत्ता हातात आली की धर्माचा बडगा दाखवणारी माणसे आमच्यातही होती. आणि तो बडगा अडवायला गेलेला माणूसही आमच्यातलाच होता. दोन्ही सांगितले तरच आपले बोलणे ऐकण्यालायक ठरते. फक्त ख्वाजा मुहम्मद सांगणारा आणि फक्त असद खान सांगणारा, दोघेही सारखेच अर्धवट.

फिरंगी, निजामशहा आणि दारू

मार्च १५०८ मध्ये याच कुंडलिकेच्या मुखावर मोठी आरमारी लढाई झाली. एका बाजूला पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मेदा. दुसऱ्या बाजूला इजिप्तच्या मामलुक सुलतानाचा आरमारप्रमुख अमीर हुसेन आणि गुजरातचा मलिक अय्याज. निसटायच्या गडबडीत लोरेंसोचे जहाज मच्छीमारांनी खाडीत रोवलेल्या खुंटांमध्ये अडकले आणि तो तोफगोळ्यांनी मेला. मोठमोठ्या सुलतानांची आरमारे आली होती, पण व्हाइसरॉयच्या पोराचे जहाज अडवले ते कोळ्यांच्या खुंटांनी. पुढच्याच वर्षी बापाने दीवला सूड उगवला आणि अरबी समुद्राचा मालक बदलला.

मग धर्माच्या चष्म्यातून पाहणाऱ्याची पंचाईत होते. १५२१ साली पोर्तुगिजांना चौलला वखार आणि कोट बांधायची परवानगी दिली ती अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने. त्याला समुद्रमार्गे येणारे घोडे हवे होते. पन्नास वर्षांनी त्याचाच नातू मुर्तजा निजामशहा तोच कोट पाडायला तोफा घेऊन आला. १५७० च्या अखेरीस विजापूरचा आदिलशहा गोव्यावर, निजामशहा चौलवर आणि कालिकतचा हिंदू राजा सामुरी समुद्रातून, अशी तिघांची एकजूट झाली. सामुरीच्या आरमाराचे नेतृत्व मलबारच्या मुसलमान कप्तानांकडे होते. महिनोन् महिने वेढा चालला, पण रेवदंडा पडला नाही. फिरिश्ता या इतिहासकाराने कारण दिले आहे. निजामशाही सरदारांना पोर्तुगिजांनी नजराणे पोचवले, त्यातही विशेषतः दारू. अहमदनगरच्या दरबारी वावरलेल्या माणसाने हे लिहून ठेवावे, यातच सगळे आले.

आम्ही कोटाच्या तटावरून समुद्राकडच्या बाजूला गेलो. चर्चचा सातखणी मनोरा अजून उभा आहे, सगळे खण मात्र उरलेले नाहीत. वाडीतून झऱ्या-पोफळींमधून पाणी फिरत होते. चौलच्या बाजूला रामेश्वराचे देऊळ आणि त्यापुढची पुष्करणी, भोवाळ्याच्या टेकडीवर दत्त, थोडे पलीकडे निजामशाही काळचा हमामखाना. एका संध्याकाळच्या रपेटीत एवढे सगळे येते. हमामाच्या घुमटाखाली उभे राहिले की आवाज घुमतो. रामेश्वराच्या मंडपात पर्जन्यकुंड आहे, अवर्षण पडले की ते उघडायचे अशी प्रथा. पाण्याची चिंता दोन्हीकडे.

खाडीच्या पलीकडे समुद्रात घुसलेला डोंगर म्हणजे कोर्लई. १५९४ साली तिथला निजामशाही किल्ला पोर्तुगिजांनी घेतला. सरदार फरहाद खान कुटुंबासह पकडला गेला. पोर्तुगीज बखरी सांगतात की पुढे तो आणि त्याची मुलगी ख्रिस्ती झाले. १७३९-४० मध्ये मराठ्यांनी वेढे घातले आणि १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई पोर्तुगिजांच्या हातून गेले. सत्ता गेली, पण पायथ्याच्या गावातली ख्रिस्ती माणसे गेली नाहीत. आजही कोर्लई गावात हजाराच्या आसपास लोक पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली स्वतःची बोली बोलतात. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. शब्द पोर्तुगीज, वाक्याचे वळण मराठी. ज्यांनी ती भाषा आणली त्यांच्या तोफा गंजून पडल्या आहेत. भाषा मात्र घरात चुलीपाशी राहिली, म्हणून टिकली.

चौल कशाने संपले? कुंडलिकेचा गाळ, सुरतेची चढती पेठ आणि शेवटी मुंबई. इंग्रजांनी मुंबई वसवायला घेतली तेव्हा चौलचे रेशीम विणणारे कारागीर तिकडे नेऊन बसवले. शहर असे हळूहळू बोचकी बांधून निघून जाते. लढायांत मेलेले चौल परत उभे राहायचे. कारागीर गेल्यावर ते उठले नाही.

तारखेचे काय करायचे?

परतीच्या वाटेवर भाच्याने ठरवले की ग्रुपवर एकच ओळ टाकायची. '९१६ साली चौलात दहा हजार मुसलमान होते. अल-मसूदी वाचा.' मी त्याला टाकू नकोस असे सांगितले नाही. माहिती खरी आहे आणि खरी माहिती सांगायला कुणाची चोरी नाही.

पण त्या उत्तरात एक सापळा आहे, तो मी त्याला दाखवला. 'आम्ही अकराशे वर्षांपासून इथले' असे म्हणताना आपण समोरच्याची अटच मान्य करतो. जो आधी आला त्याचा हक्क जास्त, ही ती अट. मग ज्याच्या घराण्याची नोंद मसूदीकडे नाही त्याचे काय? जो पन्नास वर्षांपूर्वी मराठवाड्यातून रोह्याच्या एमआयडीसीत आला त्याचे काय? कोर्लईच्या माणसाने काय दाखवायचे? त्यांचे पूर्वज तर आले, त्याची तारीखही ठाऊक आहे. या देशात राहायचा माझा हक्क ताम्रपटावर किंवा अरबी सफरनाम्यावर अवलंबून नाही. तो २६ जानेवारी १९५० पासून संविधानाने दिलेला आहे आणि तो माझ्या शेजाऱ्याच्या हक्काइतकाच आहे. एक वर्षाने जास्त नाही, एक दिवसाने कमी नाही.

मग इतिहास कशाला वाचायचा? माझ्या मते दोन कारणांसाठी. एक, खोटे ओळखता यावे म्हणून. 'सगळे तलवारीने आले' हे वाक्य कुंडलिकेच्या काठावर टिकत नाही, आणि 'आमच्या राजवटीत सगळे आलबेल होते' हे निकितिनच्या घोड्यापुढे टिकत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. आपल्या आधीच्या लोकांनी एकत्र राहायची कोणती साधने शोधली होती, ते कळावे म्हणून. शिलाहारांच्या राजाला सुचलेला हुनरमन हे तसे एक साधन. भांडण रस्त्यावर येण्याआधी ते ऐकून घेणारा, दोन्ही बाजूंना मान्य असलेला माणूस. नागोठण्याचा पूल हे दुसरे. कुणालाही उपयोगी पडेल असे काही बांधून ठेवणे आणि बाजूला होणे.

पेण-रोह्याच्या शाळांच्या सहली मुंबईचे मॉल आणि पाणखेळांच्या बागा बघायला जातात. जाऊ द्याव्यात, मुलांनी मजाही करावी. पण वर्षातून एक सहल या वाटेनेही निघायला हवी. सकाळी नागोठण्याचा पूल, दुपारी अष्टमीचा काठ, संध्याकाळी रेवदंड्याचा तट. मुलांना मापे घ्यायला लावावीत. ४८० फूट म्हणजे किती पावले होतात, पावणेदहा फुटांत किती जण खांद्याला खांदा लावून चालू शकतात, हे त्यांनी स्वतः पाहावे. मोजायला एकाच वर्गातली सगळी मुले लागतील.